परसातला घुमट खालून वर बांधावा

१३ मार्च १७८१ च्या रात्री विल्यम हर्शेलने इंग्लंडमधल्या बाथ शहरात, आपल्या घरामागच्या बागेतून युरेनस पाहिला. आधी त्याला तो धूमकेतू वाटला होता. दुर्बीण त्याने स्वतः घडवलेली होती, तिचा आरसा साधारण १६ सेंटिमीटर व्यासाचा होता, आणि डोक्यावर कसलंही छप्पर नव्हतं. परसबागेत वेधशाळा बांधायचं मनात आलं की मी आधी या रात्रीची आठवण करून देतो. आकाश पाहायला घुमट, म्हणजे उघडणारी फट असलेलं फिरतं गोल छप्पर, लागत नाही.

घुमटाची गरज कळते ती दुर्बीण दर वेळी घरातून बाहेर नेताना. तिवई मांडायची, तिच्यावर माऊंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारा सांगाडा, चढवायचा, तोलवजनं लावायची, वायरी जोडायच्या, मग माऊंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नेमका वळवायचा. सवयीच्या माणसालाही यात पाऊण तास सहज जातो. तेवढ्यात ढग आले तर सगळं उलट्या क्रमाने आत. असं चार वेळा झालं की पाचव्या रात्री आकाश निरभ्र असूनही माणूस दार उघडत नाही. कायमची मांडलेली दुर्बीण पाच मिनिटांत कामाला लागते, आणि माझ्या मते घुमटाच्या बाजूने हे एकच कारण पुरेसं आहे.

२० सप्टेंबर २०१६ रोजी अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात व्हिक्टर बुसो हे हौशी निरीक्षक घराच्या गच्चीवरून, ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला लावलेला नवा कॅमेरा तपासत होते. त्यासाठी ते एनजीसी ६१३ या दीर्घिकेची छोटी छोटी छायाचित्रं घेत होते. त्या मालिकेतच एक नवा ठिपका उगवला आणि उजळत गेला. एका ताऱ्याच्या स्फोटाचा अगदी पहिला प्रकाश त्यांच्या कॅमेऱ्यात उतरला होता. अशी संधी दुर्बीण तयार असलेल्यालाच मिळते.

आधी घुमटच हवा का, ते ठरवा

कायमची मांडणी घुमटाशिवायही होते. चार भिंतींची खोली बांधून तिचं छप्पर रुळांवरून बाजूला सरकवता येतं. ते बांधायला सोपं, दुर्बीण लवकर थंड होते, आणि एका वेळी सगळं आकाश समोर असतं. चार जणांना मिळून तारे पाहायचे असतील तर मी सरकतं छप्परच सुचवेन. शेवटी घुमटात उभं राहिलेल्या माणसाला आकाशाची एक पट्टी दिसते, आणि नवख्याला त्यातून नक्षत्रं ओळखणं जड जातं.

त्या बदल्यात घुमट दोन गोष्टी देतो. लांब नळीची दुर्बीण वाऱ्यात शिडासारखी हलते, घुमटात फक्त अरुंद फटीतून वारा येतो. आणि शेजारचा दिवा थेट नळीत शिरत नाही. वारा आणि दिवे या दोन्हींचा त्रास असेल, छायाचित्रं घ्यायची असतील, तर घुमटाची मेहनत सार्थकी लागते.

मेहनतीचा क्रम मात्र बहुतेकांचा उलटा होतो. गोल, पांढरा, फिरणारा घुमट डोळ्यांसमोर असतो, म्हणून सगळा विचार त्याचाच होतो, आणि दुर्बीण पेलणारा खालचा खांब एका दुपारी घाईत उरकला जातो. पुढची कित्येक वर्षं छायाचित्रं बिघडवायला ती एक दुपार पुरते.

पाच मायक्रॉनचा हिशेब

एका अंशाचे ६० भाग म्हणजे कला, एका कलेचे ६० भाग म्हणजे विकला. पूर्ण चंद्राचं बिंब सुमारे १,८०० विकला रुंद दिसतं. हवा शांत असेल त्या रात्री छायाचित्रातला तारा एक-दोन विकलांच्या ठिपक्यात मावतो. आता एक मीटर लांबीची नळी घ्या. तिचं एक टोक जागेवर ठेवून दुसरं फक्त पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पाच हजारांश, हलवलं, तर नळीची दिशा एका विकलेने बदलते. माणसाचा केस याच्या दहा ते वीस पट जाड असतो. आपण चालतो तेव्हा जमीन किंवा लाकडी फरशी याहून कितीतरी जास्त दबते.

म्हणून दुर्बिणीचा खांब आणि माणसाची फरशी यांचा एकमेकांना कुठेही स्पर्श होता कामा नये. खांबाचा काँक्रीटचा पाया वेगळा, खोलीचा पाया वेगळा, आणि खांब फरशीतून वर येतो तिथे चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटरची फट. किडे आणि धूळ वर येऊ नये म्हणून ती मऊ फोमने किंवा ब्रशच्या पट्टीने झाकावी. सिमेंटने कधीही बुजवू नये. अमेरिकेतल्या पालोमारच्या ५.१ मीटर दुर्बिणीचा घुमट सुमारे १,००० टनांचा आहे. तिथेही दुर्बिणीचा आधार इमारतीपासून सुटा ठेवला आहे. नियम तोच, आकार तेवढा लहान-मोठा.

पायासाठी खड्डा भरावाच्या मातीत संपू देऊ नका. न हललेल्या, घट्ट जमिनीपर्यंत जा. ८० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल ठोकळा सव्वा टनाच्या आसपास भरतो आणि घरगुती दुर्बिणीला तो भरपूर आहे. काँक्रीट ओतल्यावर त्याची ठरलेली ताकद २८ दिवसांनी मोजतात. तोवर त्यावर महागडं काही चढवण्याची घाई करू नये. माऊंटकडे जाणारी वायर फटीतून वर आणायची असेल तर तिची नळीही याच वेळी पुरून घ्यावी, नंतर काँक्रीट फोडायला लागू नये.

खांब म्हणून जाड लोखंडी पाइप चांगला. इथे एक साधं गणित खूप उपयोगी पडतं. भरीव खांबाचा व्यास दुप्पट केला तर तो वाकायला १६ पट अवघड होतो. पोकळ पाइपाच्या भिंतीची जाडी तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला, तरी सुमारे ८ पट. उलट, त्याची उंची निम्मी केली तरी ताठपणा ८ पट वाढतो. म्हणजे काम करतात रुंदी आणि बुटकेपणा, भिंतीची जाडी त्यामानाने कमी. पाइपात कोरडी वाळू भरली की आवाजासारखी घुमणारी कंपनं लवकर विरतात.

बऱ्याच खांबांच्या डोक्यावर दोन जाड पत्रे आणि त्यांच्यामध्ये चार लांब बोल्ट दिसतात. वरचा पत्रा अगदी पातळीत आणता यावा म्हणून ही रचना असते. मला ती पटत नाही. दणकट पायावर दणकट खांब, आणि सगळा भार शेवटी चार बारीक सळ्यांवर! ध्रुवाकडे रोख धरायची सोय माऊंटमध्येच असते, त्यासाठी खांबाचं डोकं तंतोतंत पातळीत असायची गरज नाही. ठेवायचेच असतील तर बोल्ट जाड आणि जितके आखूड जमतील तितके आखूड ठेवावेत.

ध्रुवाकडे रोख कशासाठी, हेही सांगतो. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत स्वतःभोवती फिरते. माऊंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला, की त्याच वेगाने उलट दिशेला फिरणारी एकच मोटर ताऱ्याला जागेवर धरून ठेवते. ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपल्या जागेचा अक्षांश. जागा निवडताना ध्रुवाची दिशा मोकळी असेल तर हा रोख धरणं सोपं जातं. उत्तर गोलार्धात खुणेला ध्रुवतारा आहे. दक्षिणेत तसा ठळक तारा नाही.

उष्णता: न दिसणारा अडथळा

उन्हात तापलेल्या रस्त्यावरची हवा थरथरते, तशीच थरथर घुमटाच्या फटीतही होते, फक्त अंधारात ती डोळ्यांना दिसत नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असेल, तर ती नेमकी त्याच फटीतून बाहेर पडते जिथून आपण पाहत असतो. तारा फुगतो, ग्रहाच्या कडा उकळल्यासारख्या दिसतात, आणि दोष दुर्बिणीच्या माथी येतो.

तीन मीटर व्यासाच्या खोलीत १० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची फरशी घातली, तर तिचं वजन सुमारे १,७०० किलो होतं. त्याच खोलीतल्या आणि घुमटातल्या सगळ्या हवेचं वजन जेमतेम २० किलोच्या आसपास. फरशी एक अंशाने थंड होताना जी उष्णता सोडते, ती सगळी त्या हवेला मिळाली तर हवा ७०-८० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात उष्णता इकडेतिकडे पसरते, हवा बदलत राहते, पण दिवसभर तापलेली फरशी रात्रभर हवा का ढवळत राहते ते यावरून लक्षात येतं. म्हणून काँक्रीट फक्त खांबाखाली, आणि तेही जमिनीच्या पातळीच्या खाली ठेवावं. पायाखाली लाकडी फळ्यांची फरशी, जमिनीपासून थोडी उचललेली. ती लवकर तापते, पण लवकर निवतेही. रात्री तेच हवं.

बाहेरून घुमट पांढरा रंगवावा. चकचकीत धातू उन्हात थंड राहील असं वाटतं, पण तो जी थोडी उष्णता शोषतो ती सहज बाहेर टाकू शकत नाही. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि घेतलेली उष्णता अवरक्त किरणांतून सोडूनही देतो. त्याची दुसरी बाजू अशी, की स्वच्छ रात्री पांढरा घुमट आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही थंड होतो आणि आतून पाणी धरतो. ते थेंब दुर्बिणीवर पडू नयेत म्हणून आतल्या बाजूला उष्णतारोधक पातळ थर हवा.

फट मावळतीलाच उघडावी. खाली एक छोटा पंखा लावून तासभर हवा खेळती ठेवावी. आरसा जितका जाड तितका त्याला वेळ जास्त लागतो.

घुमटाची भूमिती

घुमट केवढा असावा? माऊंटचे दोन अक्ष जिथे छेदतात तो बिंदू घुमटाच्या गोलाच्या केंद्राशी आणा. मग त्या बिंदूभोवती दुर्बीण सगळीकडे फिरवून तिचं सर्वांत दूरचं टोक मोजा, कॅमेरा आणि दवरोधक नळी लावून. ते टोक घुमटाला लागता कामा नये आणि तुम्हालाही मध्ये उभं राहता आलं पाहिजे. दोन मीटरच्या घुमटात एक माणूस अंग चोरून काम करतो, तीन मीटरचा असेल तर खुर्ची मावते. भिंत छातीपर्यंत पुरे. ती जास्त उंच केली की खांबही उंच करावा लागतो, आणि उंच खांबाचं गणित वर आलंच आहे.

फटीची रुंदी ठरवताना वेळ मोजा. तीन मीटर व्यासाचा घुमट, ६० सेंटिमीटरची फट, २० सेंटिमीटरची दुर्बीण असं धरू. फटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दुर्बिणीला साधारण १५ अंशांची मोकळीक मिळते. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे ढोबळमानाने तासाभराने घुमट एकदा ढकलायचा. हे हाताने आरामात जमतं. फट वर खमध्य ओलांडून पलीकडे निदान दुर्बिणीच्या व्यासाएवढी गेली पाहिजे, नाहीतर आकाशाचा सर्वांत स्वच्छ, डोक्यावरचा भागच झाकला जातो.

जर्मन पद्धतीच्या माऊंटवर एक गुंता होतो. त्यात दुर्बीण खांबाच्या बरोबर वर नसते, एका बाजूला, समजा ३५ सेंटिमीटर सरकलेली असते. त्यामुळे ती जिकडे पाहते तिकडे फट ठेवली, तरी समोर पत्राच येऊ शकतो. दीड मीटर त्रिज्येच्या घुमटात हा फरक १३ अंशांच्या पुढे जातो. तारा मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेघ, ओलांडतो तेव्हा दुर्बीण खांबाच्या दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते, आणि फरकाची दिशाही उलटते. हाताने फिरवणारा माणूस नळीतून डोकावून हे सांभाळतो. मोटर लावून संगणकावर सोपवायचं असेल तर ही सगळी मापं त्याला द्यावी लागतात, आणि ती सेंटिमीटरपर्यंत बरोबर असावी लागतात.

सपाट पत्र्यातून किंवा पातळ प्लायवुडमधून गोल घडवायची युक्ती जुनी आहे. पृथ्वीगोल तयार करणारे कागदावर निमुळत्या पाकळ्या छापून त्या गोळ्यावर चिकटवतात, तसंच इथे करायचं. दीड मीटर त्रिज्या आणि १२ पाकळ्या घेतल्या, तर प्रत्येक पाकळी तळाशी साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर रुंद आणि तळापासून टोकापर्यंत २.३६ मीटर लांब येते. ३० अंश उंचीला रुंदी ६८ सेंटिमीटर, ६० अंशांना तळाच्या निम्मी, टोकाला शून्य. मधल्या कुठल्याही उंचीची रुंदी हवी असेल तर तळाच्या रुंदीला त्या उंचीच्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. सांध्यांवर एकमेकांवर चढण्यापुरती पट्टी जास्त ठेवायला विसरू नका. पाणी आत येतं ते सांध्यांतूनच, म्हणून वरची कडा नेहमी खालच्या कडेवर पडली पाहिजे.

कडं, चाकं आणि वारा

घुमटाच्या तळाचं कडं प्लायवुडचे कमानदार तुकडे जोडून करतात. दोन थर द्यावेत आणि विटांसारखे सांधे चुकवावेत. आखणीसाठी लांब फळीच्या एका टोकाला खिळा आणि दुसऱ्याला पेन्सिल एवढा कंपास पुरतो. कडं किती गोल आहे यावर पुढचं सगळं फिरणं अवलंबून आहे, म्हणून या कामात वेळ गेला तर जाऊ द्या.

चाकं भिंतीवर बसवून कडं त्यांच्यावरून फिरवलं तर तेलपाणी करणं सोपं जातं. प्रत्येक चाकाचा आस घुमटाच्या केंद्राकडे रोखलेला हवा. जरा तिरपा झाला की चाक घसरत, घासत जातं आणि ढकलायला दुप्पट जोर लागतो. मऊ रबराची चाकं आवाज करत नाहीत, पण महिनोन्‌महिने एकाच जागी भार पडला की चपटतात. मी कडक नायलॉनची पसंत करीन. याशिवाय कडं बाजूला सरकू नये म्हणून आडवी चाकं लागतात, आणि वर उचललं जाऊ नये म्हणून धरून ठेवणारे आकडे.

हे आकडे बरेचजण शेवटी लावू म्हणून ठेवून देतात. ताशी १०८ किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ५५ किलोचा दाब देतो. गोल पाठीवरून तो वेगाने वाहतो तेव्हा वरच्या बाजूला ओढ तयार होते, विमानाच्या पंखावर होते तशी. तीन मीटरच्या घुमटाचं क्षेत्र वरून पाहिलं तर सात चौरस मीटर भरतं. म्हणजे वर उचलणारी ताकद काहीशे किलोंवर जाऊ शकते, आणि पातळ पत्र्याचा घुमट तेवढा जड नसतो. फट उघडी राहिली तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. घुमट चढवायच्या दिवशीच आकडे लावा.

फट झाकणारी झडप दोन प्रकारची करता येते. दोन अर्धे डावी-उजवीकडे सरकतात, किंवा एकच वक्र झडप मागे डोक्यावरून जाते. पहिली करायला सोपी, दुसरी वाऱ्याला कमी सापडते. दोन्हीत ती हाताने बंद करता आली पाहिजे, कारण पाऊस आणि वीज जाणं अनेकदा सोबतच येतं.

ओल आणि वीज

बंद घुमटाखाली ओली माती असेल तर सगळी बाष्पं दुर्बिणीवर जमतात. फरशीखाली मातीवर जाड प्लास्टिक अंथरा. कड्याच्या आणि भिंतीच्या मधून पाऊस आत येऊ नये म्हणून रबराची झालर लावा, पण हवा अगदी कोंडू नका. उघड्यावरच्या दुर्बिणीपेक्षा घुमटातल्या दुर्बिणीवर दव कमी बसतं, कारण तिच्या आजूबाजूला थंड आकाशाऐवजी भिंती असतात. समोरची काच मात्र आकाशाकडेच पाहत असते, तिला हलकी ऊब देणारा पट्टा लागतोच.

घरातून वीज आणायची असेल तर ती जमिनीखालच्या नळीतून, आणि गळती होताच खटका पाडणाऱ्या ब्रेकरमधून. ओल्या जागेत हे काम वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावं. वेधशाळेच्या आत शक्यतो १२ व्होल्टवरच सगळं चालवावं. विजांच्या दिवसांत वायरी उपसून ठेवाव्यात. दिवसा फट उघडी आणि दुर्बिणीवर झाकण नाही, असं कधीही सोडू नये. फिरत आलेला सूर्य नळीत उतरला तर आग लागू शकते. बांधकामाला परवानगी लागते का, हे खड्डा खणायच्या आधी विचारून घ्यावं.

पहिली रात्र

सगळं उभं राहिलं की लगेच सुंदर काही पाहायचा मोह होतो. त्याआधी जास्त भिंगशक्तीखाली एक ठळक तारा मध्यावर आणा आणि खांबावर मुठीने हलकी थाप द्या. तारा थरथरेल. एक-दोन सेकंदांत तो स्थिर झाला तर खांब चांगला आहे. मग दुसऱ्या कोणालातरी फरशीवर फिरायला सांगा, जरा पाय आपटत. या वेळी तारा मुळीच हलायला नको. हललाच तर टॉर्च घेऊन खाली वाका आणि खांबाभोवतीची फट चहूबाजूंनी पाहा. ताणलेली एखादी वायर, निसटून आडवी आलेली फळी, नाहीतर बांधकामाच्या वेळी पडलेला एखादा खडा तिथे फरशी आणि खांब यांच्यामध्ये अडकून बसलेला सापडेल. तो काढा आणि पुन्हा ताऱ्याकडे जा.